घरातील यंत्रे : खेळता खेळता पुन्हा सुरू होणारा संगणक



घरातील संगणक ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. कोणी त्यावर घरखर्चाचा हिशेब ठेवतो, कोणी परीक्षेचा किंवा नोकरीचा अर्ज भरतो, कोणी दूरगावी राहणाऱ्या लेकीशी समोरासमोर बोलल्याचे समाधान मिळवतो. आणि सायंकाळी अभ्यास आटोपला म्हणजे मुले त्याच यंत्रावर खेळ मांडतात. अशा या सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या यंत्राला पुष्कळदा एक विचित्र दुखणे जडते. दिवसभर ते अगदी शहाण्यासारखे वागते. लिहिणे, वाचणे, चित्रपट पाहणे यांत त्याची काहीच कुरकुर नसते. पण खेळ सुरू होऊन दहा-वीस मिनिटे झाली आणि तो ऐन रंगात आला, की पडदा एकाएकी काळा पडतो आणि पुढच्याच क्षणी संगणक, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

असे दोन-चारदा घडले म्हणजे घरात दोन निकाल तत्काळ दिले जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "खेळून खेळून यानेच यंत्र बिघडवले." मुलगा म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे आणा." हे दोन्ही निकाल पुराव्यावाचून दिलेले असतात. पहिल्याने मुलावर अन्याय होतो, दुसऱ्याने कित्येक हजार रुपये पाण्यात जाण्याचा संभव असतो. खरे पाहता या दुखण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती एकामागून एक तपासण्याची रीतही ठरलेली आहे. त्यातील बहुतेक तपासण्यांना पैसा लागत नाही. लागते ती एक वही, थोडा धीर आणि क्रम न मोडण्याची शिस्त.

खेळाच्या वेळीच असे का होते?

प्रथम हा प्रश्न समजून घेऊ. कारण त्याच्या उत्तरातच अर्धे निदान आहे. उदाहरणादाखल मध्यम किमतीचा एक संच डोळ्यांसमोर आणा. त्यात इंटेल कंपनीचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर आणि एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. पत्र लिहिताना हा सगळा संच शंभर वॅटपेक्षाही कमी वीज घेतो. खेळ सुरू झाला म्हणजे मात्र एकटे ग्राफिक्स कार्ड १७० वॅटपर्यंत जाते, आणि प्रोसेसरवर पूर्ण भार आला तर तो ११७ वॅटपर्यंत वीज मागतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांचे पन्नासेक वॅट धरले, तर आतील मागणी ३३७ वॅटच्या घरात जाते. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारी जी पेटी कॅबिनेटमध्ये असते, तिला आपण एसएमपीएस म्हणतो. हे रूपांतर करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शंभरातील पंच्याऐंशी भाग कामी येतात असे धरले, तर भिंतीतून सुमारे ४०० वॅट घ्यावे लागतात. आणि मॉनिटरचे तीसेक वॅट वेगळे.

म्हणजे पत्रलेखन आणि खेळ यांत चार-पाच पटींचे अंतर आहे. शिवाय खेळातील मागणी संथ नसते. पडद्यावर एकाएकी स्फोट झाला, नवा देखावा उघडला, की ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात झेप घेते. ही झेप सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही अल्पकाळ टिकणारी असते, पण तेवढ्यात मागणी नेहमीच्या मर्यादेच्या पुष्कळ वर जाऊ शकते. याच कारणाने २०२२ साली इंटेलने जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, अशा झेपा सोसण्याची अट नव्या एसएमपीएसवर घातली गेली. जुन्या पेट्या ही गोष्ट गृहीत धरून घडवलेल्या नव्हत्या.

तेव्हा खेळ हा यंत्राचा बिघाड करीत नाही. आधीपासून असलेला एखादा कमकुवतपणा तो उघडा पाडतो. सपाट रस्त्यावर बरी चालणारी बैलगाडी घाटात अडली, तर दोष घाटाचा नसतो.

पहिले काम : वही आणि नक्कल

तपासणीस हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे घरातील छायाचित्रे, प्रमाणपत्रे, हिशेब यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. फाइल लिहिली जात असतानाच वीज तुटली तर ती फाइल, आणि क्वचित संपूर्ण व्यवस्थाच, निकामी होऊ शकते. खेळातील गुण पुन्हा मिळवता येतात. आजीचे छायाचित्र गेले तर ते परत येत नाही.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा सुरू झाले की तारीख, वेळ, कोणता खेळ, तो सुरू होऊन किती मिनिटे झाली होती आणि त्या क्षणी घरात दुसरे काय चालू झाले, हे लिहावे. फ्रिज, पाण्याचा पंप, वातानुकूलक यांपैकी काही सुरू झाले असेल तर त्याची नोंद अगत्याने करावी. हे काम मुलाकडेच सोपवावे. यंत्राविषयी त्याला आपल्याहून अधिक जिव्हाळा असतो.

आणि एक निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे : त्या क्षणी नेमके काय काय विझले? मॉनिटर आणि संगणक एकाच यूपीएसवर असून दोन्हींचे दिवे एकदम गेले, तर दोष बहुधा बाहेरच्या विजेत किंवा यूपीएसमध्ये आहे. मॉनिटरचा दिवा जळत राहिला, पडद्यावर "सिग्नल नाही" असे आले आणि फक्त संगणक पुन्हा सुरू झाला, तर बाहेरची वीज गेली असे म्हणता येत नाही. मग संशय कॅबिनेटच्या आत वळवावा, तथापि बाहेरच्या क्षणिक धक्क्याने मॉनिटर तगून संगणक कोलमडल्याचीही उदाहरणे असतात. केवळ खेळच बंद होऊन विंडोजचा मुख्य पडदा दिसू लागला, तर ते दुखणे निराळे. तेथे विजेपेक्षा खेळाचा किंवा ड्रायव्हरचा दोष संभवतो.

यंत्राने स्वतः काय लिहून ठेवले आहे?

विंडोज स्वतःची एक दैनंदिनी ठेवीत असते. तिचे नाव इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टच्या शोधपट्टीत हे नाव लिहिले की ती उघडते. "विंडोज लॉग्ज" या सदराखाली "सिस्टिम" हा भाग पाहिल्यास त्या वेळेपाशी "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद बहुधा सापडेल. पुष्कळ लोक ही नोंद पाहून, पॉवर हा शब्द आला म्हणून, लागलीच नवा एसएमपीएस आणावयास निघतात. हा उतावीळपणा होय. या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता थांबले होते. ती रोगाचे कारण सांगत नाही, रोग झाल्याचे सांगते.

तथापि त्याच नोंदीच्या तपशिलात "बगचेक कोड" नावाची एक संख्या असते आणि ती उपयोगाची आहे. ती शून्य नसेल, तर विंडोजला चूक आढळली होती आणि ती नोंदवण्याइतका वेळही मिळाला होता. मग ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर यांकडे पाहावे. ती शून्य असेल, तर यंत्राला काही कळण्यापूर्वीच सारे संपले. वीज तुटणे किंवा यंत्राचा रीसेट होणे यांची शक्यता मग बळावते. "डब्ल्यूएचईए-लॉगर" या नावाची नोंद शेजारी असेल तर प्रोसेसरने स्वतःच यंत्रभागातील चूक कळवली आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट. गंभीर चूक झाल्यास निळा पडदा दाखवून लगेच पुन्हा सुरू व्हावे, अशी योजना विंडोजमध्ये आरंभापासून असते. त्यामुळे निळा पडदा वाचावयास सवडच मिळत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील "ॲडव्हान्स्ड" या पानावर "स्टार्टअप अँड रिकव्हरी" असा विभाग आहे. तेथील "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" समोरची खूण काढून टाकावी. यानंतर निळा पडदा स्थिर राहिला तर त्यावरील शब्द वहीत उतरवून घ्यावेत. खूण काढूनही यंत्र पूर्वीसारखेच झटकन पुन्हा सुरू झाले, तर संशय विजेकडे अधिक झुकतो.

भिंतीपासून आरंभ

तपासणी नेहमी भिंतीकडून आत जावी, कारण बाहेरची तपासणी फुकट आणि सोपी असते. सॉकेट सैल आहे काय, प्लग हलवला की ठिणगी पडते काय, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर संगणक, इस्त्री आणि पंखा लावलेले आहेत काय, हे पाहावे. शक्य तर संगणकाला स्वतंत्र सॉकेट द्यावे.

आता यूपीएसकडे या. आपल्याकडील घरांत ६०० व्हीएचा यूपीएस सर्रास दिसतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. अशा यूपीएसच्या मागील पट्टीवर पाहिल्यास बहुधा ३६० वॅट हा आकडा आढळेल. वर आपण केलेला हिशेब आठवा : पूर्ण भारात आपल्या संचाला मॉनिटरसह सुमारे ४३० वॅट लागतात. प्रोसेसर पूर्ण जोराने चालत नाही आणि ६५ वॅटच घेतो असे मानले, तरी आतील मागणी २८५ वॅट, भिंतीतून सुमारे ३३५ आणि मॉनिटर धरून ३६५ वॅट होतात. म्हणजे ज्या दिवशी ग्राफिक्स कार्ड बसवले, त्याच दिवशी यूपीएस अपुरा पडला. ते कोणाच्या ध्यानात आले नाही इतकेच.

याच्या जोडीला काळाचा प्रश्न आहे. वीज गेली किंवा तिचा दाब एकदम उतरला, की साधा यूपीएस बॅटरीवर जाण्यास काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसमधील मोठे कपॅसिटर आपल्याजवळच्या साठ्यावर यंत्र चालवतात. चांगल्या एसएमपीएसचा हा साठा पूर्ण भारात १६ मिलिसेकंदांच्या आसपास पुरतो. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, यावरून हा अवधी किती थोडा आहे हे कळेल. पत्र लिहिताना मागणी कमी, म्हणून साठा दीर्घकाळ टिकतो आणि यूपीएसचा बदल आपल्या लक्षातही येत नाही. खेळताना मागणी चौपट, म्हणून तोच साठा भराभर संपतो. एसएमपीएस जुना होऊन कपॅसिटर क्षीण झाले असतील तर विचारावयासच नको. दिवसा निर्दोष वाटणारा यूपीएस सायंकाळच्या खेळात दगा देतो तो असा.

याची परीक्षा सोपी आहे. ज्या दिवशी वीज स्थिर आहे त्या दिवशी, महत्त्वाचे काम उघडे नसताना, संगणक यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावावा आणि नेहमीचा खेळ दोन तास खेळू द्यावा. यंत्र एकदाही थांबले नाही, तर दोष यूपीएसचा किंवा त्याच्या बॅटरीचा. छोट्या यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होणे स्वाभाविक आहे. नवी घेताना जुनी बॅटरी दुकानदाराकडे परत करावी. शिसे विषारी आहे, ते कचऱ्यात टाकू नये.

येथेच एक गंभीर सूचना. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. सॉकेटमधील अर्थिंग तुटलेले असले किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसला असला, की असे होते. खेळ राहू द्यावा, संगणक बंद करावा आणि जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

उष्णता आणि धूळ

भिंत निर्दोष ठरली म्हणजे उष्णतेकडे वळावे. आमचे वाचक कोणी नागपूरच्या उन्हाळ्यात आहेत, कोणी दिल्लीच्या धुळीत, कोणी कोकणच्या दमट हवेत. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की यंत्रातील भागांचे तापमानही जवळजवळ तेवढेच वाढते. पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पाकळ्यांत धुळीची गादी बसली असेल तर आणखी वाढते.

तापमान पाहण्यास एचडब्ल्यूइन्फो यांसारखे विनामूल्य प्रोग्राम आहेत. ते दर एक-दोन सेकंदांनी आकडे फाइलमध्ये उतरवूनही ठेवतात. यंत्र थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळी पाहिल्या की उष्णतेचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. आपल्या उदाहरणातील प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आणि ग्राफिक्स कार्डाची ९३ अंश आहे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की हे भाग तापले म्हणून एकदम मान टाकीत नाहीत. ते आधी आपला वेग कमी करतात, खेळ अडखळू लागतो, आणि तरीही ताप वाढलाच तर यंत्र बंद पडते. तेव्हा शेवटचे आकडे ७० अंशांच्या आसपास असताना यंत्र पुन्हा सुरू झाले असेल, तर या दोघांच्या तापाला दोष देण्याचे कारण नाही.

धूळ काढणे मात्र सर्वांनाच हितकारक आहे. प्लग काढून, कॅबिनेट गॅलरीत न्यावे, एक बाजू उघडावी, धातूच्या भागाला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि मऊ ब्रश व ब्लोअर यांनी धूळ झाडावी. पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवावीत. ब्लोअरच्या झोताने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडू शकतो. ओले फडके वापरू नये. एसएमपीएसची पेटी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब काही काळ राहू शकतो. तो जिवावर बेतू शकतो.

भार कमी करून पाहणे

आता सर्वांत बोधप्रद प्रयोग. काहीही विकत न घेता ग्राफिक्स कार्डाची भूक कमी करता येते. एमएसआय आफ्टरबर्नर या विनामूल्य प्रोग्राममध्ये "पॉवर लिमिट" नावाची सरकपट्टी असते. ती ७० टक्क्यांवर आणली की आपले १७० वॅटचे कार्ड सुमारे १२० वॅटवर राहते. शिवाय खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालावी. मर्यादा नसली तर काही खेळांच्या साध्या मुख्य यादीच्या पडद्यावरही कार्ड सेकंदाला शेकडो चित्रे काढीत बसते आणि विनाकारण तापते.

या मर्यादेत चार-पाच दिवस खेळूनही यंत्र थांबले नाही, तर भार हेच कारण असे मानण्यास आधार मिळतो. मग मर्यादा काढून, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून, समोर टेबलफॅन लावून खेळून पाहावे. मात्र लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. पंख्याच्या वाऱ्यातही यंत्र पूर्वीसारखेच थांबले, तर ताप नव्हे, एसएमपीएसच दोषी असण्याचा संभव मोठा.

एसएमपीएसची पारख

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात "४५० वॅट" लिहिलेले असते, ते वाचून समाधान मानू नये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या ओळीवरून घेतात. आपल्या संचात १७० व ११७ मिळून २८७ वॅट, म्हणजे सुमारे २४ अँपिअर, याच ओळीवरून लागतात. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त पेटीच्या पट्टीवर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर असा आकडा असेल, तर तिची खरी ताकद २१६ वॅटच झाली. वरचा मोठा आकडा मग कशाच्या बेरजेने आला हे विचारण्यात अर्थ नाही. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे ती याच कारणाने. "८० प्लस" ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते. ती ताकदीची किंवा टिकाऊपणाची हमी नव्हे.

नवी पेटी आणण्यापूर्वी तारा पाहाव्यात. ग्राफिक्स कार्डाचा प्लग पूर्ण आत बसून खिट्टी लागली आहे काय? आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट घेण्याची योजना आहे. मोठ्या कार्डाला अशा दोन जोडण्या असतील तर एकाच तारेची दोन तोंडे लावण्याऐवजी एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र तारा आणाव्यात. पुढील बाजूचे रीसेटचे बटण अडकून बसते काय, तेही पाहावे. धक्का बसताच यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर त्या बटणाची बारीक तार काही दिवस काढून ठेवल्याने शंका फिटते.

मित्राकडून पुरेशा ताकदीचा एसएमपीएस दोन दिवसांकरिता मिळाला तर निदान पक्के होते. मात्र त्याच्यासोबत त्याच्याच तारा लावाव्यात. एका कंपनीच्या सुट्या तारा दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसल्या तरी आतील जोडणी निराळी असू शकते, आणि त्यामुळे डिस्क जळून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत.

रॅम, ड्रायव्हर आणि प्रोसेसर

वीज व उष्णता यांवरील संशय दूर झाला किंवा निळा पडदा दिसत असेल, तर या तिघांकडे यावे. रॅम तिच्या वेष्टनावरील वेगाने चालावी म्हणून मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू केलेला असतो. तो बंद करून रॅम सावकाश वेगाने चालवून पाहावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवल्यास सदोष पट्टी बहुधा पकडली जाते. एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी ठेवू नये.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा आणि जुना पूर्ण काढून नवा बसवावा. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत बसवावा. प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचा असेल तर एक विशेष गोष्ट माहीत असावी. त्यांतील काही प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागून झिजत असल्याचे २०२४ साली इंटेलने मान्य केले, त्यावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड मदरबोर्डच्या बायॉस-अपडेटमधून मिळतो. झालेली झीज मात्र त्याने भरून निघत नाही. असा प्रोसेसर बदलून घेण्याचाच हक्क बजावावा. बायॉस बदलत असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम वीज स्थिर असतानाच करावे.

उरले ग्राफिक्स कार्ड. ज्याच्यावर आपण सर्वांत आधी संशय घेतला त्याची पाळी सर्वांत शेवटी येते, कारण ते सर्वांत महाग आहे. ते मित्राच्या समर्थ संगणकात लावून तेथेही तोच प्रकार झाला, तरच त्याला दोषी ठरवावे. वापरलेले कार्ड घेताना जपावे. इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील खनन १५ सप्टेंबर २०२२ रोजी संपले, आणि त्या कामात अहोरात्र राबलेली पुष्कळ कार्डे त्यानंतर बाजारात आली. अशी कार्डे सगळीच वाईट नसतात. पण अर्धा-एक तास भारावर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानात जाताना

इतके करूनही उलगडा झाला नाही, किंवा कॅबिनेट उघडण्याचे धाडस होत नसेल, तर दुरुस्तीच्या दुकानात जावे. त्यात कमीपणा नाही. मात्र "चालत नाही" एवढेच सांगू नये. वही पुढे ठेवावी : थेट भिंतीवर काय झाले, ७० टक्के भारावर काय झाले, शेवटचे तापमान किती होते. अशी वही पाहिली म्हणजे कारागिराचे कामही हलके होते आणि अंदाजाने चार भाग बदलण्याचा मोहही आवरतो. बदललेला जुना भाग परत मागावा, पक्की पावती घ्यावी, नव्या भागाची वॉरंटी त्यावर लिहून घ्यावी. फसवणूक झालीच तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. मुलाने किती वेळ खेळावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो घराने आपल्या रीतीने सोडवावा. पण यंत्राच्या बिघाडाचे निमित्त करून तो सोडवू नये. निरोगी संगणक पूर्ण भारावर तासन्‌तास चालण्यासाठीच बनवलेला असतो. आज खेळात थांबणारे यंत्र उद्या परीक्षेच्या अर्जावर, किंवा परगावच्या नातवंडाशी बोलताना थांबेल. म्हणून दोषी कोण हे ठरवण्याची घाई न करता दोष कोठे आहे ते शोधावे, आणि तो शोध मुलाला बरोबर घेऊन करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, जे दिसले ते लिहून ठेवावे आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवावे, ही सवय त्याला या निमित्ताने लागली, तर ती यूपीएसच्या नव्या बॅटरीहून पुष्कळ अधिक वर्षे टिकेल.